आंरी मातीस : चित्र, शिल्प आणि कात्री यांचा अन्योन्यसंबंध

गोषवारा

आंरी मातीस (१८६९–१९५४) हा आधुनिक फ्रेंच कलावंत मराठी वाचकांस प्रामुख्याने रंगभारवादाचा अग्रणी चित्रकार म्हणून परिचित आहे. वस्तुतः त्याने चित्रांबरोबरच शिल्पे, मुद्राचित्रे, ग्रंथचित्रे, नेपथ्य, चित्रकाचा आणि रंगीत कागदांची कात्रणचित्रे अशा विविध माध्यमांत मौलिक निर्मिती केली. ही बहुमाध्यमता म्हणजे अनेक छंदांची बेरीज नव्हे, तर रेषा व रंग यांतील विरोध मिटविण्याचा अर्धशतकभर चाललेला एकच प्रयत्न होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. या प्रयत्नात शिल्पाचे स्थान दुय्यम नसून मध्यवर्ती होते, हे त्याच्या निवडक कलाकृतींच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर 'सुखाचा चित्रकार' या त्याच्यावरील आक्षेपाचाही ऐतिहासिक संदर्भात विचार केला आहे.

बीजशब्द : मातीस, रंगभारवाद, आधुनिक शिल्पकला, उत्थित शिल्प, कात्रणचित्रे, व्हाँसचे प्रार्थनामंदिर.

प्रस्तावना

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कलेचा इतिहास सांगताना मातीस व पिकासो या दोघांची नावे जोडीने घेतली जातात. पिकासोने आकार मोडला आणि मातीसने रंग मुक्त केला, अशी एक सोयीची विभागणी अध्यापनातही रूढ झालेली आहे. ही विभागणी सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तीमुळे मातीसच्या कार्याचा एक मोठा भाग नजरेआड होतो. त्याने सुमारे ८० शिल्पे घडविली. त्यांतील काहींवर तो वर्षानुवर्षे काम करीत होता. असे असूनही त्याच्या शिल्पांचा उल्लेख बहुधा चरित्राच्या अखेरीस, एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. शिल्पाचे छायाचित्र त्याची एकच बाजू दाखवू शकते आणि ग्रंथांतून कलेतिहास शिकणाऱ्यास शिल्पाभोवती फिरता येत नाही, हेही या उपेक्षेचे एक कारण असावे.

दुसरा प्रश्न त्याच्या कलेच्या मूल्यासंबंधीचा आहे. डिसेंबर १९०८ मध्ये 'ला ग्रांद रव्ह्यू' या नियतकालिकात मातीसने 'एका चित्रकाराची टिपणे' हा लेख प्रसिद्ध केला. त्यात त्याने समतोल, शुद्ध आणि शांत कलेचे स्वप्न मांडताना थकल्याभागल्या माणसाला विसावा देणाऱ्या आरामखुर्चीची उपमा वापरली. ही उपमा पुढे आयुष्यभर त्याच्या मागे लागली. दोन महायुद्धांच्या काळात फुले, फळे, खिडक्या आणि स्त्रिया रंगविणारा कलावंत गंभीर कसा मानावा, असा प्रश्न अनेकांनी उपस्थित केला. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केल्यास मातीसच्या कलेचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

उद्दिष्टे

१) मातीसच्या कलाजीवनाचा प्रमुख टप्प्यांनुसार आढावा घेणे.
२) त्याच्या चित्रांचा व शिल्पांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३) उत्तरायुष्यातील कात्रणचित्रांमागील कलाविचार समजून घेणे.
४) त्याच्या कलेवरील आक्षेपांचे तत्कालीन इतिहासाच्या संदर्भात परीक्षण करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सर्व कलाकृतींची जंत्री देण्याऐवजी ज्या कलाकृतींत एका माध्यमातील प्रश्न दुसऱ्या माध्यमात नेलेला स्पष्टपणे दिसतो, अशा कलाकृतींची निवड केली आहे.

जडणघडण

मातीसचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी या गावी झाला. त्याचे बालपण जवळच्या बोआँ या गावात गेले. वडील धान्य व बियाणे यांचे व्यापारी होते. बोआँ हे विणकरांचे गाव असून तेथील मागांवर उंची रेशमी वस्त्रे विणली जात. सपाट पृष्ठभागावर नक्षी आणि रंग यांची वीण कशी बसते, हे मातीसने चित्रकला शिकण्यापूर्वीच पाहिलेले होते. पुढे त्याच्या चित्रांत पडदे, गालिचे आणि नक्षीदार कापडे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत, तर माणसांच्या बरोबरीने येतात, याचे मूळ येथे शोधता येते.

त्याने प्रथम पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले व सँ-कांतँ येथील एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली. सुमारे १८९० मध्ये आंत्रपुच्छाच्या आजारातून उठत असताना आईने त्याला रंगांची पेटी आणून दिली आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. १८९१ मध्ये वडिलांच्या नापसंतीला न जुमानता तो पॅरिसला गेला. अकादमी झुलियाँमध्ये बुगरोच्या हाताखालील शिक्षणाने त्याची निराशा केली. ग्यूस्ताव्ह मोरो या उदार शिक्षकाच्या चित्रशाळेत मात्र तो रमला. मोरो विद्यार्थ्यांना लूव्हर संग्रहालयातील अभिजात कृतींच्या प्रतिकृती करावयास लावीत असे व त्याच वेळी त्यांना स्वतःच्या वाटेने जाण्याची मुभाही देत असे. १८९६ व १८९७ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यालगतच्या बेल-इल या बेटावर जॉन रसेल या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने त्याला दृक्प्रत्ययवादी रंगपद्धतीचा परिचय करून दिला. १८९८ मध्ये त्याने आमेली पारेर हिच्याशी विवाह केला.

१८९९ मधील एक घटना या निबंधाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. हातात पैसा नसतानाही मातीसने व्होलार या कलाविक्रेत्याकडून सेझानचे 'तीन स्नानमग्ना' हे लहानसे चित्र विकत घेतले. त्याच व्यवहारात त्याने रॉदँने घडविलेला प्लॅस्टरचा एक अर्धपुतळाही घेतला. आमेलीने टोप्यांचे दुकान काढून या काळात संसाराला हातभार लावला. सेझानचे चित्र मातीसने अनेक आर्थिक अडचणींतही विकले नाही. १९३६ मध्ये त्याने ते पॅरिस शहराच्या पेती पॅले संग्रहालयास दान केले आणि आपल्या खडतर काळात या चित्राने आपल्याला नैतिक बळ दिल्याचे कळविले. ज्या चित्रकाराच्या रंगांतून घनाकार उभा राहतो असा सेझान आणि ज्याच्या शिल्पाचा पृष्ठभाग प्रकाशात थरथरतो असा रॉदँ, हे दोघे एकाच वेळी मातीसच्या घरात आले, ही बाब सूचक आहे.

शिल्पाकडे वळण

याच सुमारास मातीस शिल्पकलेकडे वळला. प्रारंभी त्याने बारी या एकोणिसाव्या शतकातील शिल्पकाराच्या, सशाला भक्ष्य करणाऱ्या जग्वारच्या शिल्पाचा अभ्यास म्हणून आपले रूपांतर घडविले. त्यानंतर १९०० ते १९०४ या काळात त्याने 'भूदास' हा उभ्या पुरुषाचा पुतळा केला. बेव्हिलाक्वा नावाचा जो इटालियन मॉडेल त्याच्यासमोर उभा राहत असे, तो रॉदँकडेही काम केलेला होता. या एका पुतळ्यासाठी त्याने शेकडो बैठका घेतल्याचे सांगितले जाते. पुढे या पुतळ्याचे हात नाहीसे झाले व तो हातांविनाच ब्राँझमध्ये ओतला गेला.

'भूदास'वर रॉदँची छाया उघड आहे. तथापि दोघांच्या पद्धतीतील भेद याच ठिकाणी सुरू होतो. रॉदँ हात, पाय, मस्तक असे अवयव स्वतंत्रपणे घडवून त्यांची जुळणी करू शकत असे. मातीसला हे मानवणारे नव्हते. त्याला प्रथम संपूर्ण आकृतीचा तोल हवा होता. तपशील त्या तोलाच्या अधीन राहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १९०८ ते १९११ या काळात त्याने चालविलेल्या शिकवणीत तो विद्यार्थ्यांना शिल्पाचेही मार्गदर्शन करीत असे आणि गवंडी वापरतो तो ओळंबा हाती धरून आकृतीचा तोल तपासावयास सांगत असे. रंगांच्या बाबतीत निरंकुश समजला गेलेला हा चित्रकार ओळंब्याचा इतका आग्रही होता, हे त्याच्या कलेचे मर्म होय.

शिल्प आपण का केले याचे उत्तर मातीसने स्वतःच दिले आहे. चित्रकाराच्या मनात संवेदनांचा गोंधळ माजतो, तेव्हा तो मातीकडे वळतो व विचारांची व्यवस्था लावून घेतो, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. आपण चित्रकाराच्या नात्याने शिल्प केले, हेही त्याने स्पष्ट केले आहे. या विधानावरून शिल्प हे त्याच्या दृष्टीने केवळ साधन होते, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात. परंतु पुढील उदाहरण पाहता हा संबंध एकेरी नव्हता, असे दिसून येते.

रंगभारवाद आणि 'निळी विवस्त्रा'

१९०५ च्या उन्हाळ्यात भूमध्य सागरकिनारी कॉलिऊर येथे मातीस व देरँ यांनी एकत्र काम केले. छाया काळी किंवा तपकिरी असली पाहिजे हा नियम त्यांनी झुगारला. त्याच वर्षीच्या शरद-प्रदर्शनात (सालाँ दोतॉन) ही चित्रे मांडली गेली. त्या दालनात मध्यभागी आल्बेर मार्क या शिल्पकाराचे पारंपरिक वळणाचे शिल्प होते. भोवतीच्या भडक चित्रांत ते हिंस्र श्वापदांच्या गराड्यात सापडल्यासारखे दिसते, अशा अर्थाची टिप्पणी समीक्षक व्होसेल याने केली आणि त्यातूनच 'फोव्ह' म्हणजे 'श्वापदे' हे नाव या चित्रकारांना चिकटले. मातीसच्या पत्नीचे 'टोपी घातलेली स्त्री' हे चित्र सर्वाधिक टीकेचे लक्ष्य ठरले. परंतु स्टाइन कुटुंबीयांनी ते विकत घेतले आणि मातीसला मोठा आधार मिळाला.

१९०६ मध्ये मातीसने अल्जीरियातील बिस्क्रा या मरुद्यानास भेट दिली. त्याच वर्षी त्याने पॅरिसमधील एका दुकानातून आफ्रिकी काष्ठशिल्प विकत घेतले व ते पिकासोला दाखविले. अवयवांची प्रमाणे शरीरशास्त्रावरून नव्हे, तर आकाराच्या गरजेवरून ठरविणारी ही शिल्पपरंपरा दोघांनाही नवी दिशा देणारी ठरली.

१९०७ च्या प्रारंभी मातीस पहुडलेल्या स्त्रीचे एक शिल्प मातीत घडवीत होता. काम चालू असताना ते खाली पडून मोडले. वैतागलेल्या मातीसने कॅनव्हास घेतला आणि तीच आकृती रंगात उतरविली. 'निळी विवस्त्रा : बिस्क्राची आठवण' हे ते चित्र होय. त्यानंतर त्याने मोडलेले शिल्प पुन्हा उभे केले. चित्रातील उंचावलेला नितंब, कोपरात दुमडलेला हात, निळ्या छायेने खोदल्यासारखी कंबर ही सारी वैशिष्ट्ये हाताने माती दाबून घडविलेल्या आकाराची आहेत; तर पुन्हा उभारलेल्या शिल्पात चित्रातील धाडसी पिळा आलेला आहे. येथे शिल्प आधी की चित्र आधी, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. १९१३ मध्ये 'आर्मरी शो' नावाने गाजलेले प्रदर्शन अमेरिकेत शिकागोला आले असता तेथील कला-विद्यार्थ्यांनी या चित्राची प्रतिकृती जाळली. त्या क्षोभाचे कारण रंगांइतकेच या शिल्पसदृश, 'कुरूप' भासणाऱ्या देहातही होते.

यापुढे मातीसच्या चित्रांत त्याची स्वतःची शिल्पे वारंवार अवतरतात. १९११ मधील 'लाल चित्रशाळा' या चित्रात एकाच लाल रंगाच्या पटलावर त्याची चित्रे व शिल्पे शेजारी शेजारी दिसतात. १९१२ मधील 'गोल्डफिश आणि शिल्प' या चित्रात हीच पहुडलेली स्त्री माशांच्या काचपात्राशेजारी आहे. चित्रात रंगविलेले शिल्प सपाट होते, तरीही त्याचे वजन जाणवते. रंगाने आकाराला न चिरडता त्याला सामावून कसे घ्यावे, या प्रश्नाची ही जणू प्रात्यक्षिके होत.

'जानेत' आणि 'पाठ'

मातीसच्या शिल्पविचाराचे सर्वांत स्पष्ट दर्शन दोन मालिकांत घडते. १९१० ते १९१६ या काळात त्याने जानेत नावाच्या तरुणीची पाच मस्तके घडविली. पहिली दोन तिला समोर बसवून केलेली आहेत. पुढील तीन मात्र आधीच्या शिल्पावरूनच विकसित झाली. केस मोठमोठ्या गोळ्यांत विभागले जातात, नाक व कपाळ एक होतात, पाचव्या शिल्पात तर एक डोळाही जवळजवळ नाहीसा होतो. व्यक्तीचे साम्य एकेक पायरीने मागे पडते आणि मस्तकाची रचना पुढे येते.

'पाठ' ही मालिका याहून दीर्घकालीन आहे. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या स्त्रीची, सुमारे १.९ मीटर उंचीची ही चार उत्थित शिल्पे अनुक्रमे १९०९, १९१३, १९१६ व १९३० च्या सुमारास सिद्ध झाली. प्रत्येक वेळी आधीच्या शिल्पाच्या प्लॅस्टरच्या ठशावरून पुढचे काम सुरू होई. पहिल्या शिल्पात स्नायू, मणका, भिंतीला टेकलेला हात यांचा जिवंत तपशील आहे. दुसऱ्यात पृष्ठभाग खडबडीत कापांनी विभागला आहे. तिसऱ्यात केसांचा एक जाड पट्टा मस्तकापासून खाली उतरून पाठीचे दोन भाग करतो. चौथ्यात तर देह म्हणजे तीन उभे स्तंभ उरतात. मधला केसांचा, दोन्ही बाजूंचे देहाचे. ओळंब्याची दोरी जणू स्वतःच आकृती झाली आहे.

ही मालिका चित्रांपासून अलग नाही. तिसरी 'पाठ' घडत असतानाच मातीस 'नदीकाठच्या स्नानमग्ना' या १९०९ मध्ये आरंभिलेल्या व १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या भव्य चित्रावर काम करीत होता आणि त्यातील स्त्रियाही स्तंभांसारख्या ताठ झाल्या. चौथी 'पाठ' तो अमेरिकेतील बार्न्स यांच्यासाठी भित्तिचित्राची तयारी करीत असतानाची आहे. विशेष म्हणजे ही चारही शिल्पे मातीसच्या हयातीत कधीही एकत्र प्रदर्शित झाली नाहीत. जवळजवळ दोन दशके तो हे काम एखाद्या खासगी रोजनिशीप्रमाणे करीत राहिला. ज्याला लोक सहजसुंदर रंगांचा चित्रकार म्हणत होते, त्याची सहजता किती कष्टसाध्य होती, याचा हा पुरावा होय.

भित्तिचित्र ते कात्री

रशियन व्यापारी व संग्राहक श्चुकिन याच्यासाठी मातीसने १९१० मध्ये 'नृत्य' व 'संगीत' ही भव्य चित्रे केली होती. १९३० मध्ये डॉ. बार्न्स यांनी पेनसिल्व्हेनियातील मेरियन येथील आपल्या संग्रहालयाच्या कमानींखालील जागेसाठी पुन्हा 'नृत्य' याच विषयावर भित्तिचित्र मागितले. इतक्या मोठ्या पटलावर आकृत्या वारंवार बदलणे दुष्कर होते. यास्तव मातीसने रंगविलेले कागद कापून ते पटलावर टाचून रचना पडताळण्याची युक्ती योजली. जागेच्या मापात चूक झाल्याने त्याला संपूर्ण काम नव्याने करावे लागले. अखेर १९३३ मध्ये ते चित्र भिंतीवर चढले. येथे कात्री हे केवळ सोयीचे हत्यार होते. त्याची कला होण्यास आणखी एक आघात घडावा लागला.

जानेवारी १९४१ मध्ये लियाँ येथे आतड्याच्या कर्करोगावर मातीसची मोठी शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, परंतु दीर्घकाळ उभे राहून चित्र काढणे त्याला अशक्य झाले. बिछान्यात वा चाकांच्या खुर्चीत बसून तो काम करू लागला. साहाय्यक कागदांवर अपारदर्शक जलरंगाचे सपाट थर देत. मातीस कात्रीने थेट आकार कापी. लिडिया डेलेक्टोरस्काया व इतर साहाय्यक त्याच्या सूचनेबरहुकूम ते भिंतीवर टाचण्यांनी लावीत व हवे तसे सरकवीत. १९४७ मध्ये तेरियाद या प्रकाशकाने 'जॅझ' हा २० चित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यातील मजकुरात मातीसने रंगात थेट कापणे हे आपल्याला शिल्पकाराच्या दगडातील थेट कोरीवकामाची आठवण करून देते, असा आशय व्यक्त केला आहे.

हे विधान प्रस्तुत निबंधाचा कळीचा मुद्दा आहे. चित्रकार सामान्यतः प्रथम रेषेने आकार आखतो व मग त्यात रंग भरतो. रेषा आधी आल्याने रंग तिचा बंदिवान होतो. रंग आधी आल्यास रेषा डगमगते. मातीस या विरोधाने आयुष्यभर अस्वस्थ होता. कात्रीच्या एकाच हालचालीत बाह्यरेषा आणि रंगाचा आकार एकदमच जन्माला येतात. शिल्पकाराची छिन्नी जशी आकार व त्याची कड एकाच वेळी निर्माण करते, तसेच हे घडते. १९५२ मधील चार 'निळ्या विवस्त्रा' ही कात्रणचित्रे याची साक्ष देतात. निळ्या तुकड्यांमध्ये सुटलेल्या पांढऱ्या फटी सांध्यांचे काम करतात आणि सपाट कागदात पुढे-मागे असल्याचा भास निर्माण होतो. १९०७ मध्ये मोडलेल्या मातीतून जी निळी स्त्री जन्मली, तीच जणू ४५ वर्षांनी कात्रीतून पुन्हा जन्मली.

व्हाँसचे प्रार्थनामंदिर

१९४२ मध्ये मोनिक बुर्ज्वा नावाच्या तरुण परिचारिकेने मातीसची शुश्रूषा केली. पुढे ती डोमिनिकन पंथात संन्यासिनी झाली आणि तिच्या निमित्ताने व्हाँस येथील प्रार्थनामंदिराचे काम मातीसकडे आले. सुमारे चार वर्षे त्याने या कामास वाहिली. जून १९५१ मध्ये या वास्तूचे पवित्रीकरण झाले. निळ्या, हिरव्या व पिवळ्या चित्रकाचा कात्रणांवरून सिद्ध झाल्या. समोरच्या पांढऱ्या चकाकत्या फरशांवर केवळ काळ्या रेषांनी संत डोमिनिक व मेरी-बालक रेखाटले गेले. वेदी, ब्राँझचा क्रूस आणि धर्मगुरूंची वस्त्रेही त्यानेच योजिली. दिवस चढतो तसा काचांतून गाळलेला रंग पांढऱ्या भिंतीवरील काळ्या रेषांवर येऊन पडतो. रंग आणि रेषा येथे समोरासमोर उभ्या आहेत. त्यांचा मिलाफ प्रकाशाने साधला आहे. चित्र, शिल्प, काच, वस्त्र व वास्तू या सर्वांची ही परिणती होय. मातीस रूढ अर्थाने श्रद्धाळू नव्हता आणि त्याने चर्चसाठी काम करावे, हे साम्यवादी पक्षात गेलेल्या पिकासोला रुचले नव्हते.

आक्षेपांचा विचार

मातीसच्या कलेत त्याच्या काळाचे दुःख उमटत नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. १९१२ मध्ये तो टँजिअर येथे चित्रे काढीत असतानाच, ३० मार्च रोजी, फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य बनले. त्याच्या चित्रांतील निळ्या-हिरव्या शांततेत या घटनेचा मागमूस नाही. १९२० च्या दशकात नीसमध्ये पडदे व गालिचे मांडून, मॉडेलला पौर्वात्य वेष चढवून त्याने जी अंतःपुराची दृश्ये रंगविली, ती पौर्वात्य जगाविषयीच्या युरोपीय कल्पनारम्यतेतूनच निपजली आहेत. वसाहतीचा अनुभव असलेल्या देशातील अभ्यासकाने या बाबीकडे काणाडोळा करणे योग्य होणार नाही.

परंतु याच नाण्याला दुसरी बाजू आहे. पहिल्या महायुद्धात ४४ वर्षांच्या मातीसने सैन्यात जाण्याची तयारी दर्शविली असता त्याला नाकारण्यात आले. त्याचे बोआँ हे गाव जर्मन ताब्यात होते आणि आई तेथेच अडकली होती. या काळातच 'पियानोचा धडा' व 'नदीकाठच्या स्नानमग्ना' यांसारखी त्याची सर्वांत कठोर, करड्या-काळ्या रंगांची चित्रे झाली. १९४० मध्ये ब्राझीलला जाण्याची संधी असूनही त्याने देश सोडला नाही. एप्रिल १९४४ मध्ये प्रतिकार चळवळीतील सहभागाबद्दल आमेली व मुलगी मार्गेरित या दोघींना अटक झाली. आमेलीला सहा महिन्यांचा कारावास घडला. मार्गेरितचा गेस्टापोने अनन्वित छळ केला. जर्मनीतील छळछावणीकडे नेले जात असताना सुदैवाने वाटेत तिची सुटका झाली. पुढे तिने व्हाँसला येऊन आपल्यावर गुदरलेली हकिगत वडिलांना सांगितली.

हे सारे मातीसने चित्रविषय केले नाही. मात्र व्हाँसच्या प्रार्थनामंदिराची एक भिंत येथे लक्षात घेतली पाहिजे. ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेचे चौदा प्रसंग तेथे एकाच पटलावर खरखरीत, घाईत ओरखडल्यासारख्या काळ्या रेषांनी काढलेले आहेत. त्यांत लालित्य नाही, सजावट नाही. आरामखुर्चीची उपमा देणाऱ्या कलावंताला वेदना रेखाटता येत नव्हती, असे ही भिंत पाहिल्यावर म्हणता येत नाही. तिच्यासमोर त्याने रंगीत प्रकाश ठेवला, ही त्याची जाणीवपूर्वक केलेली निवड होती. आनंद हा त्याच्या कलेत दुःखाच्या अज्ञानातून आलेला नाही; दुःख ठाऊक असूनही तो परिश्रमाने घडविलेला आहे.

निष्कर्ष

१) मातीसची बहुमाध्यमता ही विविध कौशल्यांचे प्रदर्शन नसून रेषा, रंग व आकार यांच्या ऐक्याचा सलग शोध आहे.
२) त्याचे शिल्प चित्राचे अंकित नव्हते. 'निळी विवस्त्रा' व 'पाठ' यांच्या उदाहरणांवरून दोन्ही माध्यमांत दुहेरी देवाणघेवाण असल्याचे स्पष्ट होते.
३) कात्रणचित्रे म्हणजे आजारपणातील तडजोड नव्हे. शिल्पाच्या अनुभवातून आलेल्या थेट कोरण्याच्या कल्पनेची ती परिणती होय.
४) त्याच्या कलेतील पौर्वात्य जगाचे चित्रण चिकित्सेस पात्र आहे, तथापि केवळ सुखवादी म्हणून त्याची वासलात लावणे ऐतिहासिकदृष्ट्या असमर्थनीय आहे.
५) आधुनिक कलेच्या अध्यापनात त्याची चित्रे व शिल्पे एकत्र अभ्यासली जाणे आवश्यक आहे.

समारोप

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातीसचे निधन झाले. तोपर्यंत त्याने कात्रणचित्रांचे काम थांबविले नव्हते. पहिली शिल्पे घडविताना तिशीत असलेल्या मातीसला जो प्रश्न पडला होता, तोच ऐंशी ओलांडल्यावरही त्याच्यासमोर होता. बदलली होती ती केवळ हत्यारे. मातीची जागा ब्रशने, ब्रशची जागा कात्रीने घेतली. कलावंताच्या थोरवीचे एक गमक हेही असू शकते की, त्याला अनेक माध्यमे अवगत होती यापेक्षा त्या सर्वांना पुरून उरेल असा एक प्रश्न त्याच्यापाशी होता.